पळणाऱ्याचं इंजिन

“हे उभ्याचं इंजिन नाई, भाऊ. पळनाऱ्याचं आहे.”

त्याची जीप नुसती उभी असली तरी अंगात आल्यासारखी हलायची. कोणी बोट दाखवलं की हा माणूस एवढंच बोलायचा आणि एक्सलेटर दाबायचा. झाडावरचे कावळे उडायचे.

जंगलाच्या तोंडाशी मोहर्लीत माझ्या घराला लागून त्याचं गॅरेजचं शेड. सफारीच्या गाड्या जंगलातून आल्या की दुरुस्तीला त्याच्याकडं. ती कामं तो मुकाट करायचा. जीव मात्र स्वतःच्या जीपमध्ये. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

मी शिकलेलो नाही, पण ऊर्जानगरात कंपनीची बस चालवत म्हातारा झालो. इंजिनाचं थोडं कळतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे कॅमशाफ्टचा दांडा ठरवतो. यानं नागपूरच्या भंगारातून रेसच्या गाडीचा जुना दांडा आणून बसवला होता. तो व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवायचा. त्यामुळं पळताना ताकद यायची आणि हळू चालताना दम जायचा.

सफारीचे ड्रायव्हर त्याला छेडायचे. “काका, नव्या गाडीत हे सारं कंप्युटरच करते. हळू बी अन् जोरात बी. तुमचा दांडा द्या ना भंगारात.”

“तुह्या कंप्युटरले दम लागते का बे? माहीले लागते. जित्ती आहे ते.”

माझी बायकोही सोडायची नाही. “भाऊजी, तुमची जीप उभी राह्यली का माह्या ताटल्या नाचतात. लगीन लावून द्या तिचं कुठी.”

“तुमीच पाहा ना वहिनी, एखादा ट्रॅक्टर चांगल्या घरचा.”

ती पदर तोंडाला लावून हसायची. त्यालाच चहा आधी द्यायची, मला मागून.

एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. चंद्रपूरहून ॲम्बुलन्स निघाली म्हणाले. निघाली म्हणजे येईल तेव्हा. मी आवाज देण्याच्या आधीच यानं जीप दारात आणली. “बसा भाऊ, वहिनीले धरा.”

खरं सांगतो. मोकळ्या रस्त्यावर ती जीप अशी सुटली की मला वाटलं, वाचली. वाचली माझी बायको.

पुढं वाघीण रस्त्याच्या कडेला बसलेली. दोन्हीकडून पर्यटकांच्या गाड्या अडकलेल्या, खिडक्यांतून मोबाईल बाहेर. आमच्याकडं वाघापुढं हॉर्न मारत नाहीत. गाडी चालू ठेवायची आणि मुंगीसारखं सरकायचं. त्या वेळीही त्यानं हॉर्न मारला नाही. हातानं लोकांना बाजूला व्हायला सांगत चाकाचाकानं जीप काढू लागला. हेच त्या इंजिनाला जमत नव्हतं. ते खोकललं. पुन्हा खोकललं. बंद.

त्यानं चावी फिरवली, फिरवली. पेट्रोलचा वास सुटला. “चाल ना माय. चाल.” बैलाशी बोलावं तसा बोलत होता.

वाघीण उठून झुडपात गेली. गाड्या हलल्या. आम्ही तिथंच. शेवटी कुण्या पर्यटकानं आपल्या नव्या गाडीत बायकोला अन् मला घेतलं. ती गाडी काही आवाजच करत नव्हती. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या अलीकडं बायकोनं माझा हात सोडला. मी तसाच धरून बसलो.

थोडं आधी पोचलो असतो तर, हे डॉक्टरनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तेरवीला तो शेवटच्या पंगतीत बसला. पानाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी शेडमधून हातोडीचा आवाज आला म्हणून गेलो. इंजिन उघडलेलं.

“भाऊ, दांडा काढून राह्यलो. साधा बसवतो.”

“आता कायले?”

त्यानं पुढचा बोल्ट सोडवला. मी त्याला शिवी दिली नाही. माफही केलं नाही. अजूनही नाही.

परवा सकाळी दार उघडलं आणि हादरलो. जीप माझ्या अंगणात, चावी तिच्यातच. शेड मोकळं. पाने-पकडी नाहीत, हातोड्या नाहीत, तो नाही. कोणी म्हणतं सिरोंच्याकडं गेला. कोणाला काही सांगून गेला नाही. मला तर नाहीच.

मी जीपमध्ये बसलो. चावी फिरवली. ना थरथर, ना आवाज, काही कळेना. खाली उतरलो आणि चालू झाली की नाही, हे पाहायला बोनेटवर हात ठेवला.

चालू होती.