आल्प्सला जाणाऱ्यांसाठी मुकुंदचे मोफत सल्ले

आमच्या ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळींपैकी कुणीही स्वित्झर्लंडला जाऊन आलं की दोन गोष्टी घेऊन येतं. चॉकलेटं आणि सल्ले. चॉकलेटं पुढच्या पॉटलकपर्यंत, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणापर्यंत, संपतात. सल्ले मात्र गॅरेजमधल्या सामानासारखे वाढतच जातात. प्रत्येक सल्ल्याच्या पोटात एक फजिती असते. सल्ला देणारा ती गाळतो आणि सोबत गेलेले ती सांगतात!

मी सोबत गेलो होतो.

मुकुंद माझा जुना मित्र. तेल कंपनीत पाइपलाइनचा इंजिनिअर, माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला व्हॉल्व्ह नाही. दिसेल ती गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याची बायको सुलभा डे-केअरमध्ये नोकरी करते. दिवसभर पोरांचा कलकलाट आणि घरी आल्यावर मुकुंद.

सुलभाला आल्प्स बघायचे होते. पहिल्यांदा बेत ठरला तेव्हा मुकुंदच्या पासपोर्टातला अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपला होता. बाहेर पडलो आणि परत आत घेतलंच नाही तर, या भीतीने कॅन्सल केलं. दुसऱ्यांदा तिकिटं हातात होती तर चक्रीवादळ आलं आणि शहर सोडायचा हुकूम निघाला. आल्प्सऐवजी अख्खं ह्यूस्टन डॅलसच्या रस्त्यावर गाड्यांत अडकून बसलं. प्रवासासाठी केलेले धपाटे सुलभाने तिथेच वाटले.

तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा माझी बायको नंदा तिला म्हणाली, "यादी कर गं, काय काय बघायचंय त्याची."

"यादी कसली? मला एक डोंगर बघायचाय. गप्प बसून."

"गप्प?" नंदाने मुकुंदकडे पाहिलं. "मग वेगळी तिकिटं काढा!"

*

मुकुंदचा पहिला सल्ला : जाण्याआधी चढायचा सराव करा.

सल्ला योग्यच. शुगर लँडमध्ये कोपऱ्यावरून दूध आणायलाही आम्ही गाडी काढतो. पण सराव करायचा कुठे? आमच्याकडे जमीन परातीसारखी सपाट. चढ म्हणजे फक्त फ्लायओव्हर!

मुकुंदने मार्ग काढला. मॉलशेजारचं बहुमजली पार्किंग. दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं पाठीवर सॅक लावून तळापासून गच्चीपर्यंत उतारावरून चढायचो आणि पुन्हा खाली यायचो. घामाच्या धारा लागायच्या. मुकुंद पुढे, "श्वास नाकाने घ्या, श्वास नाकाने!"

तिसऱ्या शनिवारी सिक्युरिटीवाला गोल्फ कार्ट घेऊन आला. बराच वेळ आमच्या मागून हळूहळू येत राहिला. शेवटी न राहवून त्याने अगदी प्रेमाने विचारलं, "सर, तुमची गाडी नेमकी कुठल्या रंगाची आहे? मी शोधून देतो!"

*

दुसरा सल्ला : स्विस गाड्या थांबत नाहीत, तेव्हा बॅगा आधी चढवा, माणसं नंतर.

बॅगा आमच्या अमेरिकन मापाच्या, म्हणजे आत एक माणूस झोपेल एवढ्या. एका स्टेशनावर गाडी बदलायची होती आणि मध्ये वेळ अगदी थोडा. मुकुंदने विमानातच कामं वाटून दिली होती. तो दारात उभा राहणार, आम्ही खालून बॅगा देणार, आणि सगळ्यात शेवटी आम्ही चढणार.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शेवटची बॅग आत गेली, दार बंद झालं आणि गाडी सुटली. काचेमागे मुकुंद हातवारे करून काहीतरी समजावून सांगत होता. दूर जाईपर्यंत सांगतच होता!

नंदा घाबरली. "आता गं? पुढची गाडी कधी?"

मी फलक वाचून आलो. "अर्ध्या तासाने."

सुलभा बाकावर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "अर्धा तास? वा!"

*

पुढच्या स्टेशनावर मुकुंद बॅगांच्या किल्ल्यात उभा होता. भेटल्या भेटल्या म्हणाला, "चूक कुठे झाली ते सांगतो."

*

तिसरा सल्ला : कुकर न्या, पण रविवारी लावू नका.

इंटरलाकेनच्या वरच्या एका खेड्यात आम्ही सुट्टीपुरतं घर घेतलं होतं. खाली मालकीणबाई राहायच्या, सत्तरीच्या, ताठ आणि स्वच्छ. चावी देताना त्यांनी नियम सांगितले. रविवारी कपडे धुवायचे नाहीत, रिकाम्या बाटल्या टाकायला जायचं नाही, एकूण आवाज नको. मुकुंदने सगळ्याला "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" म्हटलं. स्वयंपाकाचा विषय निघालाच नाही.

रविवारी बाहेर गार पाऊस. नंदाने वरण-भाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी झाली. खाली दार उघडल्याचा आवाज आला. दुसरी शिट्टी झाली. तळघराच्या पायऱ्यांवर लगबगीची पावलं वाजली. तिसऱ्या शिट्टीनंतर आमच्या दारावर टकटक. बाई धापा टाकत उभ्या होत्या.

"घाबरू नका," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तळघरातला बॉयलर शिट्ट्या मारतोय. मी बंद केलाय. आता धोका नाही."

मुकुंद समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच नंदाने त्याला कोपर मारलं. रविवारी आवाज केला हे कोण कबूल करणार? घर गरम ठेवणारा बॉयलर बंद आणि मेकॅनिक सोमवारी येणार होता. आम्ही चौघं कोट, टोप्या आणि हातमोजे घालून जेवलो. भात तेवढा गरम होता!

*

चौथा सल्ला तसा लहान आहे : पाण्यात बर्फ मागू नका.

टेक्सासच्या सवयीप्रमाणे मुकुंदने जेवताना पाणी मागवलं, "विथ लॉट्स ऑफ आइस." वेटरने दोन खडे घालून ग्लास आणला. मुकुंदने पुन्हा हात केला. वेटरने आणखी एक खडा आणला, चिमट्यात धरून. मुकुंदने तिसऱ्यांदा हात केला.

या वेळी वेटर रिकाम्या हाताने आला आणि खिडकीचा पडदा बाजूला सारून म्हणाला, "सर, आमचा बाकीचा बर्फ वरती आहे. पण आज ढगात गेलाय."

आम्ही हसलो. सुलभा नुसती खिडकीकडे बघत राहिली. आम्ही आल्यापासून बर्फ ढगातच होता.

*

तिथल्या टीव्हीवर रोज सकाळी डोंगरमाथ्यांवरच्या कॅमेऱ्यांची थेट चित्रं दाखवतात आणि मागे ॲकॉर्डियन वाजत असतं. मुकुंद पायजम्यावर त्यासमोर बसायचा, ऑफिसात पाइपलाइनचं प्रेशर बघितल्यासारखा. पांढरा पडदा. दुसरा कॅमेरा, पांढरा पडदा. दिवसभर आम्ही चॉकलेटचं दुकान, लाकडी पूल आणि चीज करायचा कारखाना बघायचो. प्रत्येक ठिकाणी मुकुंद तिथल्या गाइडला माहिती द्यायचा.

शेवटच्या दिवशीही पडदा पांढराच होता.

मुकुंदने रिमोट खाली ठेवला. "कॅन्सल. तांत्रिकदृष्ट्या वर जाण्यात काही अर्थ नाही."

सुलभा बूट घालत होती. "मी चालले."

"अगं, तिकीट काढून ढग बघायचे? ढग इथूनही दिसतात."

"तिसऱ्यांदा कॅन्सल नाही करणार मी, मुकुंद. तुला यायचं तर ये."

तो आला. आम्हीही गेलो.

दातेरी रुळावरची छोटी गाडी ढगातून चढत राहिली. वर उतरलो तर हात पुढे केला की बोटं धूसर. कठड्याजवळ दोन बाकं होती, एकमेकांना खेटून. सुलभा एकावर बसली, मी दुसऱ्यावर. समोर युंगफ्राऊचं शिखर असायला हवं होतं. तसं पाटीवर तरी लिहिलं होतं. तिथे मुकुंदने आम्हाला ढग कसा तयार होतो ते सांगितलं. मग दरीतली गार हवा आणि वरची गरम हवा यांचं सांगितलं. मग नंदाला हुडहुडी भरली आणि ती म्हणाली, "भावजी, कॉफी मिळेल का कुठे?"

"मिळेल ना! चला, दाखवतो." दोघं स्टेशनमागच्या उपाहारगृहात गेली.

आवाज थांबला. कुठेतरी खाली गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, तेवढीच.

आणि ढग फाटला. कडेने विरला वगैरे नाही, सरळ मधून फाटला. तिथे आकाश असेल असं मला वाटत होतं, पण तिथे डोंगर होता. माझ्या अंदाजाच्या दुप्पट उंच आणि इतका जवळ की मी नकळत मागे सरलो. उन्हात त्याचा बर्फ निळसर दिसत होता.

मी मुकुंदला हाक मारायला उठलो. सुलभाने माझ्याकडे न बघता माझी बाही धरली आणि खाली ओढली. मी बसलो.

किती वेळ गेला ते मला खरंच सांगता येणार नाही. मग खालून धुराच्या लोटासारखा ढग आला, आणि समोर पुन्हा पाटीच उरली.

मुकुंद ट्रे सांभाळत आला. "काय रांग होती! इथे काही हाललं का?"

सुलभाने कप घेतला. "साखर घातलीस ना?"

"दोन पुड्या. म्हटलं होतं की नाही मी? ढगच!"

"हो रे," ती म्हणाली. "म्हटलं होतंस."

मुकुंद माझ्याकडे वळला. मी कॉफीवर फुंकर मारायला लागलो.

*

दिवाळीच्या पॉटलकला अजित आणि रीमा आले होते. नवीन लग्न झालेलं जोडपं, नुकतंच पुण्याहून आलेलं. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडला जायचं म्हणत होते. मुकुंदने त्यांना सोफ्यावर बसवून सगळे सल्ले दिले. पार्किंग, बॅगा, कुकर, बर्फ. शेवटचा सल्ला त्याने बोट उंचावून दिला, "आणि ऑक्टोबरमध्ये अजिबात जाऊ नका. पैसे वाया. आम्हाला एक डोंगर दिसला नाही. विचारा सुलभाला!"

रीमा बिचारी खरंच विचारायला स्वयंपाकघरात आली. सुलभा पुऱ्या तळत होती. मी पाणी घ्यायला गेलो होतो.

"काकू, आम्हाला ऑक्टोबरमध्येच सुट्टी आहे हो. जावं की नको?"

सुलभाने झाऱ्यातली पुरी निथळू दिली.

"जा गं. फक्त वर पोचलीस ना, की अजितला कॉफी आणायला पाठव."