दोन गुणांनी राहिलेली व्हर्ना

व्हर्ना टॅकेट अमेरिकेत केंटकीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं राबत होती. तिथली मुख्य व्हायचं तर बारावीच्या तोडीचा दाखला हवा होता आणि तो गणितावर अडला होता. पास व्हायला दोनशेपैकी एकशे पंचेचाळीस लागत. तिला पडले एकशे त्रेचाळीस. तिसऱ्याच गणितापाशी ती वीस मिनिटं अडून बसली होती, त्यामुळे शेवटची सहा तिने पाहिलीसुद्धा नव्हती.

महिनाभराने पुन्हा बसायचं ठरलं. खाणीत छाती खराब होऊन घरी बसलेला तिचा नवरा ड्वाइट रोज घड्याळ लावून तिचा सराव घ्यायचा.

"अडलं की सोड आणि पुढे चल," तो एक दिवस म्हणाला.

"अर्धवट टाकून उठायची सवय नाही मला."

"माहितीये. म्हणून तर माझ्याबरोबर तीस वर्षं काढलीस."

ती हसली, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

परीक्षेत दुसऱ्याच क्रमांकाला अपूर्णांकांचं अवघड गणित निघालं. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं कमी होत होती. ओठ घट्ट मिटून तिने ते सोडलं. पुढे आणखी दोन सोडली. शेवटी अकरा मिनिटं उरली, तेव्हा ती सोडलेल्या गणितांकडे वळली आणि तिन्हींपैकी दोन सुटली.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. तिला बघवेना, म्हणून ड्वाइटनेच वाचला.

"एकशे अठ्ठेचाळीस."

"चष्मा लावलायस ना?"

"लावलाय."

"मग पुन्हा एकदा वाच," म्हणत तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.