कापड्याला उशिरा लागणारं ग्रहण

महाडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले अवधूत सर जेवताना पाय हलवू लागले, की आज आकाश मोकळं आहे हे त्यांच्या पत्नीला, कालिंदीबाईंना, खिडकीकडे न बघताच कळे.

"आमटी वाढू, की रिक्षा बोलावू?" त्या विचारत.

सरांचा जीव एका ताऱ्यात अडकला होता. दुर्बिणीतून तो इवलासा ठिपका दिसे, पण प्रत्यक्षात ते दोन तारे होते, फुगडी घातल्यासारखे एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड उतरतो. बाजूला झाला की पुन्हा चढतो. हे ग्रहण कधी लागणार ते आधी मांडता येतं. ते वेळ चुकवू लागलं, तर जोडीला तिसरं कुणीतरी ओढत असण्याची शक्यता असते. जोडी ओढली जाऊन थोडी लांब गेली की तिचा उजेड आपल्यापर्यंत उशिरा पोचतो. तो तिसरा मात्र कुणाला दिसत नाही.

आणि सरांच्या ताऱ्याचं ग्रहण उशिरा लागत होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडणारा फरक वजा केला, तरी उशीर उरतच होता. दुसऱ्यांनी शोधलेलं फळ्यावर लिहिण्यात सगळी नोकरी गेली; एकदा तरी आपल्या हातून काही सापडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या इच्छेने त्यांना धड बसू दिलं नाही.

महाडच्या गच्चीवर गावातल्या दिव्यांचा उजेड फार. म्हणून ते बहुतेकदा पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाला जात. शाळेचे जुने शिपाई गोमाजी यांच्या घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकत. अंधाराला सरावलेले डोळे मोबाइलच्या उजेडाने बिघडतात, म्हणून सर बाहेरून विचारायचे आणि गोमाजींची बायको मैना चुलीपासून ओरडून वेळ सांगायची. महाडला हेच काम कालिंदीबाई करत.

पुण्यात ताऱ्यांवरच संशोधन करणाऱ्या पुतण्याला, मुकुलला, सरांनी सगळ्या नोंदी पाठवल्या. जानेवारीत त्याचा फोन आला.

"काका, उशीर आहे खरा. पण तो फक्त कापड्याला होतो. महाडला ग्रहण वेळेवर लागतं."

"महाडच्या नोंदी आहेतच किती!"

"थोड्या आहेत, पण एकही चुकलेली नाही. आणि कापड्याला थंडी वाढली की उशीरही वाढतो. तारा काही गाव बघून उशीर करत नाही, काका. घड्याळ तपासा."

"ते घड्याळ मीच आणून दिलंय त्यांना!" सरांनी फोन ठेवला आणि घरभर येरझारा घालू लागले.

"बसा हो. फरशी झिजेल," कालिंदीबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी ते कापड्याला पोचले. भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. अचूक होतं. आनंद व्हायला हवा होता, पण अस्वस्थता उलट वाढली. घड्याळ बरोबर, तारा चुकतो, तरी मुकुलचं बोलणं टोचत होतं.

अंधार पडला. तारा मंदावू लागला. शेजारच्या दोन ताऱ्यांशी त्याचा उजेड ताडून सरांनी हाक दिली, "मैनाबाई, किती वाजले?"

"आठ वाजून गेलं, सर! ईस मिन्टं वर झाली!"

सर लिहायला वाकले आणि थबकले. उत्तर हाकेसरशी आलं होतं; घड्याळ बघायला आत कुणी उठल्याची चाहूलही लागली नव्हती. मग ग्रहण तसंच सोडून उठले आणि तडक आत गेले. मैना चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. घड्याळाकडे तिची पाठ होती. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मैनाबाई, हे काय?"

मैनाने मागे वळून पाहिलं. "मंग काय करू? भायेर थंडी केवढी पडली हाय. खरी येल सांगितली तर तुमी आत येताव काय? दोन घास खाल, म्हून वाईच पुढं सांगते."

"नेहमी?"

"नेमी नाय. थंडी बघून."

पडवीत घोंगडी घेऊन पडलेले गोमाजी उठून बसले. "सर, मलापन ती अशीच उठवते. साडेपाच सांगते नि असतात पाच."

सर चुलीजवळच्या पाटावर टेकले. त्यांच्या ताऱ्याला ओढणारा तिसरा इथे होता, हाताला पीठ लागलेला. त्यांना हसू आलं. कापड्याची प्रत्येक नोंद आता खोडायला हवी होती. उरणार होत्या त्या महाडच्या मोजक्या, आणि एवढ्या थोड्या नोंदींवरून काहीच ठरत नव्हतं. तिसरा आहे असंही नाही, नाही असंही नाही.

"लई नुसकान झालं काय वो?" मैनाचा आवाज उतरला होता.

"पहिल्यापासून मोजावं लागेल."

"किती वर्सं लागतील?"

"पाच-सहा तरी. त्यानंतरही काही निघेलच असं नाही."

सरांचा पाय हलू लागला होता. बाहेर ग्रहण अजून संपलेलं नव्हतं. ते उठले, आणि दारातून म्हणाले, "आता विचारीन तेव्हा घड्याळाकडे बघून सांगायचं."

"सांगते. पन मंग ताट भायेर आनून देनार."

"आण. दिवा तेवढा आणू नकोस."

खुर्चीत बसून अंधार पुन्हा डोळ्यांत मुरेपर्यंत त्यांना थांबावं लागलं. मग त्यांनी हाक दिली. आतून लगेच उत्तर आलं नाही. पाट सरकल्याचा आवाज झाला, पावलं भिंतीपर्यंत गेली, आणि मग मैनाने खरी वेळ सांगितली.