शेवटच्या ओळीपुढची जागा

टिपवालीला नवऱ्याच्या वर्कशॉपात शिरताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. लोकांच्या कपड्यांना टिपा घालत शिवणयंत्रावर जन्म काढलेली बाई; नवरा गेला तेव्हाही दारात जमलेल्यांना म्हणाली, "बसा, नाहीतर कामाला लागा. उभं राहून काय होणार?" पण आज ती पदर खोचून थेट लेथजवळ आली, कारण तिथं नवऱ्याच्या नावाची पाटी रंगत होती.

पाटीसाठी सोबत्यांनी तिलाच चार ओळी मागितल्या होत्या. तिनं दिल्या :

चष्मा कुठं गं? – डोक्यावर.
किल्ली कुठं गं? – खिळ्यावर.
सदरा कुठं गं? – दोरीवर.
अहो, तुम्ही कुठं हो? –

आणि पाटीवर ओल्या रंगात काय?

चष्मा, किल्ली, सदरा नित्य शोधिले घरभर,
आज विसावले बंधू स्वर्गाच्या दारावर.

हे धाकट्या दिराचं कर्तृत्व. हेडक्लार्कीतून निवृत्त झाला, तरी दुसऱ्याच्या लिखाणात बोट घालायची खोड गेली नव्हती. चेहरा असा, जणू उपकारच केलाय.

"वहिनी, तेच तेच तीनदा कशाला? वाचणाऱ्याला एकदा कळतं."

"तुमचे भाऊ एकदा विचारून गप्प बसायचे? चष्मा सापडला की किल्ली, किल्ली सापडली की सदरा! कणीक मळता मळता ओ देत जन्म गेला माझा. त्यातलं एक ठेवून बाकीचं कापता? मला काय एका दिवसाचा नवरा होता?"

लेथवरचा म्हातारा मिस्त्री खुदकन हसला. "इथंही तेच, वहिनी. पाना हातात, आणि आम्हाला विचारायचा, पाना कुठं रे?"

दीर हटेना. "बरं, ते राहू द्या. पण शेवटी यमक तुटलं होतं, ते तरी मी जुळवून दिलं ना?"

आता मात्र बाईचा पारा चढला. "तुटलं नव्हतं, भावजी. मी तोडलं! तीनदा 'वर' ऐकलं की चौथ्यांदा कान आपोआप 'वर' मागतो. मागू दे की! मी रोज सकाळी मागते, मला कोण देतं? आणि तुम्ही निघालात स्वर्ग भरायला! कुणी बघून आलंय का तिकडं?"

कोपऱ्यातला टर्पेंटाइनचा बोळा तिनं उचलला आणि स्वर्ग, दार, बंधू, सगळं एका फटक्यात पुसून काढलं. दीर "अहो, अहो" करत राहिला. पेंटर बिचारा हातात ब्रश धरून उभा.

"बघतोस काय? लिही. मी सांगते तसंच."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. चौथ्या ओळीच्या शेवटच्या रेघेशी तो थांबला. पुढं पाटीचा चांगला वीतभर तुकडा मोकळा होता.

"ताई, इथं रिकामं दिसतंय. एखादं फूल काढू?"

"फूल काढलंस तर ब्रश मोडीन."

पेंटरनं ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला. दिरानं तोंड उघडलं, तसं मिस्त्रीनं त्याला दंडाला धरून चहाला नेलं. रंग वाळेपर्यंत टिपवाली पाटीजवळून हलली नाही.