चौथ्या ओळीतली खसखस

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी मी सहसा जेवणं झाल्यावर सांगतो. भरल्या पोटी माणसं लवकर माफ करतात. ही मात्र आजवर कुठल्याच पंगतीत सांगितलेली नाही.

सुरुवात लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्यापासून करावी लागेल. गृहस्थ सतराव्या शतकातले. तेव्हा दुकानदारच प्रकाशक असायचा. पुढे पुस्तकं मांडायची आणि मागे पुढची कुठली छापायची ते ठरवायचं. मी कुवेतमध्ये, जाब्रियातल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढतो. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात सहकारी क्रिकेटचा स्कोअर बघतात, मी या माणसानं छापलेली पुस्तकं कॉम्प्युटरवर चाळतो. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधताना तो मला सापडला. मुलीनं "बाबा, धिस इज नॉट व्हॉट आय नीड" म्हणून तो नाकारला आणि मी ठेवून घेतला.

त्यानं काय छापलं नाही ते विचारा. प्रवचनं छापली, पंचांगं छापली, धूमकेतू दिसला की जगबुडीची भाकितं छापली. फासावर जाणाऱ्यांचे शेवटचे शब्द ही त्याची खास चीज. ही पत्रकं फाशीच्या दिवशीच विकायला हवीत, म्हणून माणूस जिवंत असतानाच त्याचे शेवटचे शब्द छापून, घड्या घालून तयार असत. गृहिणींसाठीही त्यानं एक जाडजूड पुस्तक काढलं होतं: मुरंबे, मांसाच्या पोळ्या, झोप येण्याची पेयं. आणि एक गोष्ट मला फार आवडायची. अंगाशी येईल असं पुस्तक असलं की पहिल्या पानावर तो स्वतःचं नावच घालत नसे. पुस्तक बाजारात, लेखक अडचणीत, हा दुकानात शांत. मी हे मित्रांना कौतुकानं सांगायचो. काय डोकं होतं माणसाचं, म्हणायचो.

आमच्या इथल्या मराठी मंडळानं वर्षाच्या कार्यक्रमात मला वीस मिनिटं दिली. वीस मिनिटं नुसतं बोलायचं तर लोक बटाटेवड्यांकडे बघत बसतात, हा अनुभव होता. म्हणून मी जाहीर केलं की त्या गृहिणींच्या पुस्तकातलं झोपेचं पेय करून सगळ्यांना घोट घोट पाजणार. बदामाचं दूध, जायफळ, जायपत्री, दालचिनी आणि वाटलेली पांढरी खसखस.

आता मेस्त्री. मेस्त्री म्हणजे आमचा प्लंबर, कुडाळकडचा, बारा वर्षं इथे काँट्रॅक्टवर. फिंतासला चार जणांच्या खोलीत राहतो. आमच्या सलव्याच्या घरातलं सिंक तुंबलं तेव्हा आला आणि मग येतच राहिला. मला तो डॉक्टर म्हणायचा. दवाखान्यात काम करणारा म्हणजे डॉक्टर, असा त्याचा समज असावा, असं मी धरून चाललो आणि तो दुरुस्त करायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही. बायको नर्स आहे. ती समोर असली की मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचो.

आदल्या वर्षी मेस्त्रीला खोकला लागला होता. मी त्याला दवाखान्यात आणून छातीचा फोटो काढला आणि आमच्या खऱ्या डॉक्टरांना दाखवला. जुना, भरून आलेला डाग होता; काळजीचं काही नाही म्हणाले. मी ते मेस्त्रीला सांगितलं आणि वर, माझी नेहमीची खोड, एक विनोद केला. "आता सांभाळून हं मेस्त्री, तुमची आतली बाजू माझ्याकडे आहे." तो हसला. जरा उशिरा हसला, पण मला तेव्हा फक्त हसणंच ऐकू आलं.

तर मेस्त्री सुट्टीवर गावाला गेला होता. त्याच्या बागेत जायफळाची झाडं. दुकानातलं वाळकं जायफळ घेण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी पुस्तक समोर ठेवून यादी टाइप केली आणि त्याला व्हॉट्सॲप केली. जायफळ, जायपत्री, दालचिनी. चौथ्या ओळीत खसखस, पाव किलो. खाली 'जरूर आणा' आणि अंगठा.

खसखस इथे आणता येत नाही. इथल्या कायद्याच्या लेखी ती अमली पदार्थात जाते. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण पहिल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला ते सांगितलं होतं, आणि अकरा वर्षांत मीच कित्येक नवख्यांना सांगितलं होतं. यादी टाइप करताना मी कुवेतमध्ये नव्हतो, एवढंच. मी लंडनमध्ये होतो, साडेतीनशे वर्षांपूर्वी, आणि तिथे कस्टम माझ्या वाटेला येत नव्हतं.

मेस्त्री परतणार त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी जेवताना बायकोनं माझ्या भाषणाचा कागद उचलला, वाचला आणि विचारलं, "ही खसखस तू कुठून आणणार आहेस?"

"मेस्त्री आणतोय," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा मलाच आवाज ऐकू आला.

तिनं चमचा खाली ठेवला. विमान किती वाजता उतरतं, एवढंच विचारलं. चारला. फोन लावला तर त्याचा बंद; तो मुंबईहून निघाला होता. गावी लावला तर त्याच्या बायकोनं उचलला, अगदी आनंदात. मी विचारलं, यादीतलं काय काय दिलंत?

"सगळां भरून दिलंय. डॉक्टरांनी सांगितल्यानी, तर देऊक व्हयाच."

"खसखससुद्धा?"

"ती पण दिलंय. काळजी करू नकात." मागे कोंबडी ओरडत होती. मग रेंज गेली.

बाहेर धूळ होती. वादळ नव्हे, नुसतीच धूळ, जिच्यात सूर्य पांढरा दिसतो आणि समोरच्या गाडीचे दिवे तेवढे उरतात. विमानतळापर्यंत मी एकच चित्र बघत होतो. माझा धंदाच तो. इथे उतरल्यावर बॅगा मशीनमधून जातात, आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये बारीक दाण्यांची पुडी कशी दिसेल हे मला कुणी सांगायला नको होतं. सगळीकडे सारखा करडा, कडा गोल, आत रेघ नाही. असं काही माझ्या पडद्यावर दिसलं असतं तर मीही मशीन थांबवलं असतं.

पार्किंगमध्ये गाडी लावली आणि फोन काढला. मेस्त्रीच्या फोनमध्ये माझी यादी होती. माझं नाव, माझा नंबर, चौथी ओळ, अंगठा. मी मेसेजवर बोट दाबून धरलं. दोघांकडूनही पुसायचा होता. पण यादी पाठवून तीन आठवडे झाले होते; ॲपनं फक्त माझ्याकडून पुसण्याची परवानगी दिली. म्हणजे त्याच्याकडे राहणार, माझ्याकडे नाही. मी त्या पर्यायाकडेही बराच वेळ बघितलं. त्या दुपारी मी जो काही सभ्य माणूस उरलो तो ॲपच्या नियमामुळे. पहिल्या पानावरून नाव गाळण्याचं कौतुक मी त्यानंतर कुणाला सांगितलेलं नाही. पण या लेखातही माझं नाव कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

विमान वेळेवर उतरलं. दारातून माणसं येऊ लागली. मुलं, ट्रॉल्या, दोरीनं बांधलेली खोकी. मग विरळ झाली. मग बंद झाली. पाऊण तास झाला, मेस्त्री नाही. माझ्या डोक्यात ती फाशीची पत्रकं सुरू झाली. मी, अमुक गावचा प्लंबर, बारा वर्षं लोकांची गटारं साफ केली, एका शहाण्याच्या सांगण्यावरून... घड्या घालून तयार. माणूस अजून आत चालता-बोलता होता आणि मी त्याचा मजकूर जुळवत होतो.

बायकोचा फोन आला. ती म्हणाली, आत जाऊन सांग, यादी माझी आहे. मी म्हटलं, आणि काही सापडलंच नसेल तर? मीच त्यांना शोधायला लावल्यासारखं होईल.  ती म्हणाली, "तुला जे सोपं आहे ते तू आधी ठरवतोस आणि कारण मागून शोधतोस." आणि ठेवला.

दाराशी एक पोलीस उभा होता. मी फोनवर यादी उघडून त्याच्यापर्यंत गेलो. म्हणालो, सर, मला एक सांगायचंय. तो कुणाशी तरी वायरलेसवर बोलत होता. त्यानं पाची बोटं जुळवून हात वर केला. इथे त्याचा अर्थ थांब. मी थांबलो. तेवढ्यात मागचं दार सरकलं आणि मेस्त्री बाहेर आला. हातात बॅग आणि काखेत पत्र्याचा डबा. बॅग चुकून दुसऱ्या पट्ट्यावर गेली होती, म्हणून उशीर.

"काय ओ डॉक्टर, तुमी हय कित्याक इलात?"

मी हळूच विचारलं, खसखस कुठाय?

त्यानं डबा माझ्या हातात दिला. "उघडी सोडणत नाय, ह्यां माका म्हायत आसा. म्हणान घरकारणीन अनरशांक लावन दिल्यान."

डबा थंडगार होता. आत अनरसे, प्रत्येकाच्या पाठीवर दाट पांढरी खसखस. मशीनला फक्त गोल चकत्या दिसल्या असणार. आणि तेव्हाच तो पोलीस माझ्याकडे आला, अगदी सौजन्यानं, आणि मला काय सांगायचं होतं ते विचारू लागला. माझ्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात उघडी यादी. मराठीत होती म्हणून निभावलं. मी म्हणालो, मित्र सापडत नव्हता, आता सापडला. त्यानं मेस्त्रीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मान हलवली आणि परत दाराशी गेला. मी मेस्त्रीला दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं. 

गाडीत बसल्यावर मला राग आला. स्वतःवरचा होता, पण काढला त्याच्यावर. माहीत होतं तर आणलंत कशाला? पकडले असते तर? नाही म्हणायचं होतं.

मेस्त्री समोरच्या धुळीकडे बघत होता. "तुमका नाय कसा म्हणतलंय? माझो फोटो तुमच्याकडे आसा."

मला आधी समजलंच नाही.

"तो छातीचो. हय छातीत डाग म्हणजे टीबीच धरतत; कंपनीक कळलो तर माका परत धाडतले. तुमीच म्हणालात, आतली बाजू तुमच्याकडे आसा म्हणान."

म्हणजे वर्षभर. वर्षभर हा माणूस बोलावलं की येत होता, सिंक, गीझर, गॅलरीतला नळ, आणि मी घरी सांगायचो की मेस्त्रीचा आपल्यावर किती जीव आहे.

मी त्याला सांगितलं की तो विनोद होता. डाग जुना आहे, कुणाला सांगायचा प्रश्नच नाही. आणि सांगायचं ते सगळंच सांगून टाकावं म्हणून हेही सांगितलं की मी डॉक्टर नाही.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "तुमी फोटो काढतात. डॉक्टर म्हटल्यार तुमका बरां वाटता."

घरी बायकोनं एकेक अनरसा सिंकमध्ये कुस्करला आणि वरून नळ सोडला. मेस्त्री बाजूला उभा राहून बघत होता. त्याच्या बायकोनं केलेले होते ते. एक तरी ठेवा, असं तो म्हणाला नाही. सगळं वाहून गेल्यावर त्यानं सवयीनं खाली वाकून पाईपचा सांधा चाचपला. मग मला विचारलं, तो फोटो परत मिळेल का?

दुसऱ्या दिवशी मी त्या फोटोची सीडी काढून पाकिटात घालून फिंतासला नेऊन दिली. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

"दुसरो नाय मा खंय?"

मी खरं बोलायचं ठरवलं होतं. म्हणालो, दवाखान्याच्या मशीनमध्ये राहतो, मेस्त्री. सगळ्यांचाच राहतो. तो पुसणं माझ्या हातात नाही.

त्यानं मान डोलावली.

मंडळाचं भाषण मी रद्द केलं. मेस्त्री आता मला डॉक्टर म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. पण नळ गळतोय म्हणून फोन केला, तर त्याच दिवशी येतो.