मावशी एमआरआयच्या टेबलावरून उठेनात

मंडळी, आत्ताच ड्युटीवरून आलेय. पायांत त्राण नाही.

सोलापुरात आमच्या सेंटरला हृदयाचा एमआरआय आता एआयमुळे लवकर उरकतो. पेशंटला सारखा श्वासही रोखावा लागत नाही.

आज माळशिरसच्या एका मावशींना म्हटलं, "झालं, उठा."

त्या हलेनात. "एवढ्यात व्हय? मागल्या खेपेला लई येळ निजवलं हुतं की. डॉक्टर म्हणत्यात इसावा घ्या. घरी शेरडं हायती, सैपाक हाय. हितंच काय ती पाठ टेकती, पोरी."

दारात पुढचे आजोबा उभे होते. मी मावशींना हात देऊन उठवलं.

पूर्वी स्कॅन चालू असताना माझाही चहा व्हायचा.

वाचलेला हा वेळ जातो कुठं? तुमच्यापैकी कुणाला मिळालाय का?