खुर्चीत मोजलेला खांदा

आमच्या मावशीला फसवेल असा पेशंट अजून जन्माला यायचा होता. ती फिजिओथेरपिस्ट. सांधा किती अंश हलतो ते गोनिओमीटरने मोजायची. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात, तसं ते साधन. हात वर जात नसला की माणूस नकळत पाठ मागे कलवतो आणि हात गेला असं समजून खूश होतो. म्हणून ती प्रत्येकाला टेबलावर उताणं झोपवायची, गुडघे दुमडायला लावायची आणि म्हणायची, "आता करा लबाडी." राग नाकाच्या शेंड्यावर, पण हात लोण्यासारखे.

काका, म्हणजे तिचे यजमान, घरांची छतं रंगवायचे. शिडीवरून पडले आणि त्यांचा खांदा आखडला. दवाखान्यात चारचौघांसमोर बायकोपुढे आडवं व्हायचं त्यांच्या जिवावर आलं. मग मावशी घरीच, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून मोजू लागली. दुसऱ्या कुणी असं मोजलं असतं, तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

खांदा हळूहळू सुटत होता, तेवढ्यात एका मोठ्या इमारतीचं काम चालून आलं. काका उतावीळ झाले. "पूर्ण वर गेला की मी चाललो. माप बघू," म्हणाले. हात उचलला, तशी पाठ कलली. मावशीला ती स्पष्ट दिसली. पण पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता. तिच्याच्याने खरं बोलवेना.

"गेला की हो," ती म्हणाली.

कामावर हात अर्ध्यातच अडला. गेलाच पाहिजे म्हणून काकांनी जोर लावला आणि आतला स्नायू फाटला. ऑपरेशन झालं, तरी हात छातीच्या वर गेला नाही तो नाहीच. आता ते रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसतात.

मावशीने हे सगळं मला सांगितलं, काकांना मात्र अजून नाही. "रोज ठरवते गं, आणि रोज शेपूट घालते," म्हणते. मला तिचा राग येतो आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

परवा कुणीतरी काकांना विचारलं, पुरतं बरं व्हायच्या आधीच कामावर का गेलात?

"छे हो, हिने मोजूनच पाठवलं होतं," काका मावशीकडे बघून कौतुकाने म्हणाले. "हिचं माप कधी चुकत नाही. माझंच नशीब फुटकं."

मावशी नुसतं "हं" म्हणाली.